सांगावा कोण नेणार

दसऱ्याच्या आसपास माझा फोन मला न विचारता एक फोटो समोर आणतो. सोयाबीनची रास, राशीच्या कडेला ताडपत्रीवर बसलेले माझे बाबा आणि त्यांच्या शेजारी आमच्या गावातले दुकानदार अप्पा. दोघांच्या भुवया भुशानं पांढऱ्या झालेल्या, आणि दोघंही कशावर तरी खदखदून हसतायत. फोन स्वतःच त्या फोटोला गोड संगीत लावतो आणि ‘ही आठवण पुन्हा जगा’ असं सुचवतो. ती रास मोंढ्यात विकायला जायच्या आत अप्पा गेले होते, हे त्याला ठाऊक नाही. अप्पांच्या लेकीला बापाचं तोंड शेवटचं दिसलं नाही, हेही नाही. गावातली माणसं म्हणतात, फोननंच घात केला. मी तसं म्हणत नाही. यंत्राला दोष देणं फार सोयीचं असतं. ते उलटून बोलत नाही.

जळकोटच्या पलीकडं आमचं गाव. नांदेडहून एसटीनं निघालं आणि कंधार मागं पडलं की या दिवसांत खिडकीतून तो वास यायला लागतो, वाळल्या सोयाबीनचा, थोडा तेलकट, थोडा मातकट. मग मळणी यंत्रांची घरघर ऐकू येते. एकाचा आवाज मागं राहतो न राहतो तोच पुढच्या शिवारातला दुसरा सुरू होतो. भुसा मानेवर बसतो, पापण्यांत जातो, रात्री अंथरुणात खाजतो. आभाळात एखादा काळा ढग दिसला की अख्खं शिवार ताडपत्र्या घेऊन पळतं. सुगीत फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवलेले असतात. यंत्रापुढं रिंग ऐकू येत नाही, त्यामुळं माणसं फोन उचलत नाहीत, नुसता बघतात. पिशवीवरूनच अंगठा फिरवतात. काय वाचलं, काय नाही, ते त्या अंगठ्यालाच ठाऊक.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबांची थोडी शेती होती, उरलेला सगळा वेळ चळवळ. नांदेडला एका गल्लीत छापखाना होता. तिथून गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे यायचे. शाई ओली असायची. गठ्ठा मांडीवर घेऊन बसमध्ये बसलं की फ्रॉकवर उलटी अक्षरं उमटायची आणि आई म्हणायची, पोरीच्या अंगावरच आता मोर्चाची वेळ छापा. औशाचा बाजार, उदगीरचा स्टँड, जळकोटची शाळा सुटायची वेळ, सगळीकडं मी बाबांच्या मागं गठ्ठा घेऊन फिरलेली आहे. बाबांचा एकच नियम होता. पत्रक हातात द्यायचं. दाराच्या फटीतून सरकवायचं नाही, सायकलीच्या कॅरिअरला खोचायचं नाही, भिंतीवर चिकटवून मोकळं व्हायचं नाही. समोरच्याच्या हातात द्यायचं आणि तो काय म्हणतो ते ऐकून पुढं जायचं. शिवी दिली तर शिवी ऐकायची. ‘देणारा दिसला पाहिजे,’ बाबा म्हणायचे. ‘कागद खोटं बोलू शकतो. माणूस समोर हाय तोवर त्याला इचारता येतं.’

अप्पा मात्र आमच्या पत्रकांच्या पुड्या बांधायचे. त्यांच्या किराणा दुकानात गुळाचे खडे, शेंगदाणे, गोळ्या सगळं आमच्या पत्रकांत गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात जायचं. बाबा चिडून भांडायला गेले तेव्हा अप्पा तराजूतून मान वर न करता म्हणाले होते, ‘भाऊराव, तू दहा घरं फिरतो, मी अख्ख्या गावात पोचवून राहिलो. पोरं शेंगदाणे खात खात वाचतेत. माझे उपकार मान.’ त्या दिवसापासून त्या दोघांची गट्टी जमली. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं पूर्वी गावाची हद्द संपायची. अप्पांच्या थोरल्या लेकीनं, महानंदानं, त्या पुड्या उलगडून खरंच वाचल्या होत्या. मोठ्या घरातली पोरं आमच्या माणसांना एकेरी हाक मारायची, तेव्हा ती पोर बाबांना ‘भाऊकाका’ म्हणायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं. तिचा भाऊ शिवलिंग ‘भाऊराव’च म्हणत राहिला.

आता आज्याबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझा आजा सांगावा न्यायचा. गावात कुणी मेलं की पै-पाहुण्यांच्या गावी ती खबर पायी घेऊन जायचं काम आमच्या जातीकडं होतं. महारकीच्या कामांतलं ते एक काम. मरण कुणाचंही असो, पाय आमचे. उन्हाळ्यात मातीनं तळपाय भाजायचे, पावसाळ्यात ओढे अडवायचे, पण सांगावा पोचलाच पाहिजे. आजा त्या घरापुढं जाऊन अंतरावर उभा राहायचा. आतून कुणी पाणी विचारलंच तर नको म्हणायचा. मरणाची खबर आणणाऱ्यानं ती सांगायच्या आधी त्या दारात पाणी प्यायचं नाही, अशी रीत. म्हणून सांगाव्याच्या माणसानं पाणी नाकारलं की बाया चुलीपुढूनच रडायला लागायच्या. नाव नंतर कळायचं. आणि खबर सांगून झाल्यावर आज्याला खरंच तहान लागलेली असायची, तेव्हा त्याला वरून ओंजळीत पाणी घालायचे, भांड्याला हात लागू नये म्हणून.

एके साली आज्यानं ते काम सोडलं. गावातल्या मोठ्या घरचं मरण होतं. माणूस बोलवायला आला. आज्यानं दारातूनच सांगितलं, ‘बाप तुमचा मेला. तुम्ही जा.’ त्या एका वाक्यासाठी आमच्या घरानं पुढं काय काय सोसलं ते सांगत बसत नाही. आमच्या घरात देवाची आरती नव्हती, ते वाक्य होतं.

म्हणून ‘पूर्वी माणसं कशी जोडलेली होती’ असं कुणी म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं. जोडलेली होती, कारण मधला दोरा दुसऱ्याच्या पायाचा होता. अप्पांच्या दुकानात पिवळ्या पेटीतला फोन आला, मग खिशाखिशात आला, तेव्हा बाबा मला म्हणाले होते, आता कुणाला कुणाच्या मरणासाठी पळायला लागणार नाही. मी लहान होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मला कळलं होतं. फोननं आमचे पाय सोडवले. हे मी आजही म्हणते. कुणी काही म्हणो.

फोटोतल्या त्या सुगीत मी गावी होते. सकाळी अप्पांनी दुकानाची फळी काढली, आत जाऊन गल्ल्याजवळ बसले आणि तसेच गेले. नातवानं घराण्याच्या ग्रुपवर टाकलं, ‘अप्पा लिंगैक्य झाले. अंत्यविधी आज दुपारी चार वाजता, शेतात.’ सोबत अप्पांचा तरुणपणीचा फोटो, भोवती फुलांची चौकट. तो ग्रुप म्हणजे लातूर, उदगीर, औसा, पुणे अशा सगळ्या पाहुण्यांचा. रोज सकाळी तिथं देव, फुलं, सुविचार येतात, वाढदिवस येतात, आणि सगळ्यांच्या खाली जोडलेले हात येतात. अप्पांच्या फोटोखालीही जोडलेले हात यायला लागले. स्क्रीन वर सरकवावी तितके. त्यांच्यात महानंदाच्या नंबरवरूनही आले.

ती धर्माबादला दिली होती. शिवलिंगनं एकदा फोन लावला, बंद लागला. म्हणाला, गाडीत बसली असेल. मेहुण्याशी त्याचं एका लग्नातल्या मानपानावरून बोलणं बंद होतं, त्यामुळं तिकडं फोन करायचा प्रश्नच नव्हता. आणि हात तर जोडलेच होते तिनं. म्हणजे कळलंच.

अप्पांना ओसरीवर मांडी घालून बसवलं होतं, त्यांच्यात बसवूनच माती देतात. कपाळाला विभूती, गळ्यात फुलं. जणू आता गिऱ्हाईक येईल आणि ते तराजू उचलतील. विधी करायला स्वामी आले. अव्वा, म्हणजे अप्पांची बायको, खांबाला टेकून वाटेकडं बघत होती. चार वाजले. पाच वाजत आले. एकेक जण खिशातनं फोन काढून बघायचा आणि परत ठेवायचा. जमलेल्या बायांत बोलणं सुरू झालं. आधी हळू, मग अव्वाला ऐकू जाईल असं. मोबाइलवर हात जोडले, झालं काम. शहरातल्या सुनांचं ऐकलं होतं, आता लेकीही तशाच. बापानं किती लाडानं वाढवली, एका दिवसाची रास सोडून येता आलं नसेल का. बाबा शिवलिंगजवळ जाऊन म्हणाले, तिच्याशी कुणी बोललं का? शिवलिंगनं बोलण्याऐवजी स्क्रीन त्यांच्यापुढं धरली. तिचं नाव आणि नावापुढं दोन हात. बाबा मागं सरले. दिवस मावळायला आला तेव्हा माती दिली.

घरी येऊन बाबा जेवले नाहीत. म्हणाले, ती पोरगी कळल्यावर राहायची न्हाई. सकाळी उठून त्यांनी धोतर बदललं. आई म्हणाली, तुमच्या बापानं सोडलेलं काम तुम्ही करायला निघाला. बाबा म्हणाले, मला कुणी पाठवलेलं न्हाई. माझा दोस्त मेलाय, त्याच्या लेकीकडं चाललोय. मी त्यांच्यासोबत निघाले.

जळकोटहून मुखेड, मुखेडहून नरसी, तिथून धर्माबाद. सगळ्या वाटेनं सोयाबीनच्या ट्रॉल्या पुढं, आम्ही मागं. बसमध्ये प्रत्येकाच्या मांडीवर एक उजळलेली काच. माझ्याही. मी मध्येच ती बंद केली आणि बाबांच्या पायांकडं बघत बसले. टायरच्या चपला, भेगाळलेल्या टाचा. आज्याच्या टाचा अशाच असतील, असं वाटलं आणि रागही आला, कुणावर ते कळेना.

महानंदा दारातच सुपात उडीद निवडत बसली होती. हात कोपरापर्यंत काळपट धुळीनं माखलेले. शेजारणीनं तेलुगूत ‘एवरू?’ म्हणून विचारलं, कोण आलंय ते. महानंदानं वर बघितलं आणि तिचं तोंड फुललं. शेजारणीला म्हणाली, माझे काका, माहेरचे. मला म्हणाली, केवढी उंच झालीस गं. हात पदराला पुसत आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. बाबा उंबऱ्याबाहेरच उभे होते.

‘आत या की, भाऊकाका. पाणी घ्या.’

‘राहू दे, बाई.’

ती हसली. तिच्या आवाजात तो जुना, दुकानातल्या पोरीचा खट्याळपणा होता. ‘आता काय माझ्या घरचं पाणी तुम्हाला चालंना व्हय?’

बाबांनी भांड्याला हात लावला नाही. तिचं हसू तिथंच थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, परत बाबांच्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

‘कोण?’ तिनं विचारलं.

‘अप्पा.’

‘माती?’

‘काल झाली.’

ती रडली नाही. भांडं उंबऱ्यावर ठेवलं, अगदी सावकाश, थेंब न सांडता. मग विचारलं, सगळ्यांना कळलं होतं का. बाबा हाव म्हणाले. मग मलाच कसं नाही, असं तिनं विचारलं तेव्हा बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, ग्रुपवर टाकलं होतं, आणि खाली तुमच्या नंबरवरून हात जोडलेले आले होते.

महानंदानं स्वतःचे हात उलटे-पालटे करून बघितले. उडदाची धूळ नखांत बसली होती.

‘मीच सांगितलं व्हतं पूजाला,’ ती म्हणाली. ‘रोज एक नमस्कार टाकत जा म्हणून. माहेरचे म्हणतेत, महानंदा उत्तर देत न्हाई.’

तिची लेक पूजा लातूरला शिकत होती. परीक्षेच्या तयारीला मोठा फोन लागतो, म्हणून आईचा फोन तिच्याकडं, आणि आईकडं साधा, बटणांचा, नवा नंबर, जो नवऱ्याखेरीज आणि लेकीखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. वसतिगृहात जेवणाच्या सुट्टीत पोरींना फोन थोडा वेळ मिळतो, मग परत कपाटात. त्या थोड्या वेळात ती पोर आईनं सांगितलेलं काम करायची. ग्रुप उघडायचा, खाली सगळ्यांचे हात दिसले की आपलेही टाकायचे, बंद करायचा. त्या दिवशीही तेच केलं. वर काय लिहिलंय ते बघितलं नाही. रोज वर जे असायचं ते बघण्यासारखं नसायचंच.

मी कितीदा विचार केला की यात कुणाचं चुकलं. आईनं लेकीला माहेरचा मान राखायला सांगितलं. लेकीनं ऐकलं. नातवानं सगळ्यांना एकाच वेळी कळवलं. शिवलिंगनं फोन लावला. प्रत्येकानं आपापलं काम केलं, आणि त्या सगळ्या कामांतून एक बाई बापाच्या मातीला आली नाही. पूर्वी एक माणूस धावायचा आणि बाकीचे बसायचे, ते पाप होतं. आता सगळ्यांनी मिळून धावायचं होतं. त्याऐवजी सगळ्यांनीच बसायचं ठरवलं. धावायचं काम यंत्राला दिलं आणि ते पोचलं असं समजून जेवायला बसले. आज्याच्या ‘तुम्ही जा’ या वाक्याचं गावानं हे केलं. मला त्याचा संताप येतो तो यासाठी.

ती आमच्याबरोबरच गावी आली. दारात शिवलिंग उभा होता. आता आलीस का, असं त्यानं गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं. बाबा मध्ये पडून पूजाचं सगळं सांगायला लागले, पण त्यानं फोन काढलेलाच होता. ‘हे तुझेच हात हायेत न? तुझ्याच नंबरवरून आलेत न?’

महानंदा म्हणाली, ‘शिवा, तू फोनला इचारलंस. मला न्हाई इचारलंस.’

तिनं अव्वाला मिठीत घेतलं, शेतात जाऊन ओल्या मातीवर डोकं टेकलं आणि भावाच्या घरात पाऊल न ठेवता परत गेली. जाताना ग्रुप सोडायला पूजाला सांगितलं. ग्रुपवर ती ओळ दिसली, महानंदा बाहेर पडली. त्या ओळीवरही लोक बोलले. बाप गेला तेव्हा यायला वेळ नव्हता, सोडून जायला बरा मिळाला. शिवलिंगला पुढं पूजाचं सगळं पटलं होतं, असं अव्वा म्हणायची. पण चारचौघांत बोललेलं गिळायचं कसं, ते त्याला जमलं नाही. पूजाला आई एका शब्दानं बोलली नाही. त्या पोरीला तेच झेपलं नाही. एकदा लातूरच्या स्टँडवर भेटली तेव्हा मला म्हणाली, ताई, मी आता कुणालाच हात जोडत नाही, देवालासुद्धा नाही. हसत म्हणाली, पण हसण्यासारखं तोंड नव्हतं.

गावात मात्र बाबांचं कौतुक सुरू झालं. जुनी माणसं ती जुनी माणसं. फोनबिन सगळं ठीक, पण भाऊराव गेला म्हणून पोरीला कळलं. आणि मग एका मोठ्या घरात मयत झाली तेव्हा तिथला माणूस आमच्या दारात येऊन गोड आवाजात म्हणाला, भाऊराव, तुम्हाला अनुभव हाय, अमक्या गावाला तेवढं सांगून येता का. गाडीभाडं देऊ. मी आतून ऐकत होते. बाबा शांतपणे म्हणाले, ‘माझ्या बापानं सोडलेलं काम हाय ते.’ माणूस हिरमुसून गेला. म्हणजे बघा, जोखड परत येतं ते कौतुकाचा हार घालून येतं. एका माणसानं मायेनं केलेलं काम दुसऱ्या दिवशी त्याच्या जातीचं काम व्हायला वेळ लागत नाही.

नांदेडला मी ज्या मोहल्ल्यात खोली घेऊन राहते, तिथं खालच्या मजल्यावर रफूचं दुकान आहे. मालकांना सगळे चाचा म्हणतात. मोहल्ल्यात कुणी गेलं की मशिदीच्या भोंग्यावरून नाव पुकारतात, ग्रुपवरही येतं. तरी चाचा सुई कापडात खोचून उठतात आणि घराघरांची दारं वाजवतात. मी एकदा विचारलं, भोंग्यावर सांगितलं की, आता दारं कशाला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘भोंगे पे सुने सो लोगां बोलते, बाकी के जारे ना. दरवाजा बजाया तो उठना पडता.’ म्हणजे भोंग्यावर ऐकणाऱ्याला वाटतं, बाकीचे जातायतच की. मग मलाच म्हणाले, तू पण चल, वरच्या जिन्यातली दारं तू वाजव. मी वाजवली. हे काम कुणाच्या जातीचं नव्हतं. म्हणून हात आखडला नाही.

महानंदा दर सुगीला यायची. अप्पांच्या मातीपाशी बसायची. अव्वा डब्यात भाकरी बांधून शेतात जायची आणि मायलेकी तिथंच बांधावर जेवायच्या. शिवलिंग त्या दिवशी दुसऱ्या शेतात मळणी काढायचा. यंत्राच्या आवाजात सगळं झाकलं जातं.

यंदा अव्वा सुगीच्या आधीपासूनच अंथरुणाला खिळली होती. मी आले तेव्हा बाबांनी सांगितलं, महानंदा येऊन गेली, शेतात अव्वा नव्हती, तशीच परत गेली. भावाच्या घराच्या वळणावर थोडा वेळ उभी होती म्हणे. वळली नाही.

चार दिवसांपूर्वीची गोष्ट. मागच्या शिवारात यंत्र चालू होतं. मी ओट्यावर काहीतरी लिहीत बसले होते, बाबा विळ्याला धार लावत होते. अंगणाच्या कडेला शिवलिंग येऊन उभा राहिला. आमच्या दाराशी मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. केस भुशानं माखलेले, पायात चपला नाहीत. खिशात फोन एकसारखा थरथरत होता, त्याचं लक्ष नव्हतं. बाबा म्हणाले, ये, आत ये. मी घरात जाऊन पाण्याचं भांडं भरून आणलं आणि त्याच्यापुढं धरलं.

त्यानं मान हलवली. ‘नको.’

माझ्या डोक्यात जाळ झाला. हीच ती घरं. माझ्या आज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारी. इतकी पत्रकं, इतके मोर्चे, आणि आजही माझ्या हातातलं भांडं याला नको. एक चांगलं धारदार वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात बाबांनी विळा खाली ठेवला आणि उठून उभे राहिले.

‘अव्वा?’ त्यांनी विचारलं.

‘हाव,’ शिवलिंग म्हणाला.

मला माझं भांडं कुठं ठेवावं कळेना. एवढ्या पिढ्यांत त्या घरातून आमच्या दारात पहिल्यांदा कुणी सांगावा घेऊन आलं होतं, स्वतःच्या पायांनी.

पोरानं ग्रुपवर टाकलंय, पण महानंदा कुठं आहे ग्रुपवर, असं तो म्हणत होता. तिचा नवा नंबर त्याच्याकडं नव्हता. ‘भाऊकाका,’ तो म्हणाला. हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ‘तुम्ही...’ आणि थांबला.

बाबाही थांबले. पुढचं वाक्य काय येतंय यावर सगळं अडलं होतं. तुम्ही जाऊन सांगा, असं आलं असतं तर बाबांना नाही म्हणावं लागलं असतं आणि तिकडं ती दुसऱ्यांदा मुकली असती. मी बाबांच्या चेहऱ्याकडं बघू शकत नव्हते.

‘मला तिचं घर दावा,’ शिवलिंग म्हणाला. ‘मी कधी गेलो न्हाई.’

‘दावतो. पण सांगणार तू.’

‘हाव.’

‘आन् माती?’

‘वेळ टाकली न्हाई ग्रुपवर. ती आल्यावर.’

दोघं जीपनं गेले. नंतर बाबांनी एवढंच सांगितलं की ते गल्लीच्या तोंडाशीच थांबले होते. महानंदानं दार उघडलं, भावाला बघितलं. आत गेली आणि पाणी घेऊन आली. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, बोलणं बंद असलं तरी. पुढं काय झालं, ते बाबांनी बघितलं नाही. तोंड फिरवलं म्हणाले.

इकडं अव्वाला ओसरीवर बसवलं होतं, जिथं अप्पांना बसवलं होतं तिथंच. लोकांचे फोन वाजत होते, माती किती वाजता म्हणून विचारत होते, आणि कुणाकडंच उत्तर नव्हतं. वेळ ठरलेली नाही म्हटल्यावर काही जण नुसते हात जोडून मोकळे झाले असतील. काही जण मात्र यंत्र बंद करून आले आणि बसून राहिले. जीप आली तेव्हा उन्हं कलली होती. महानंदानं अव्वाच्या समोर बसून तिचं तोंड बघितलं. खूप वेळ बघितलं. दोन माणसांचं एकदाच बघून घेत असावी. कुणी घाई केली नाही.

माती झाल्यावर विहिरीपाशी शिवलिंगनं तांब्या भरून तिच्यापुढं धरला. तिनं तो त्याच्या हातातून घेतला. प्यायली नाही. ते पाणी स्वतःच्या हातांवर ओतलं, नखांतली माती निघेपर्यंत हात धुतले आणि रिकामा तांब्या त्याला परत दिला.